'सोडणे' या एका शब्दासाठी इंग्रजीतली अनेक क्रियापदे

मराठीत 'सोडणे' या एका क्रियापदावर पुष्कळ भागते. नोकरी सोडली, गाव सोडले, दारू सोडली, हक्क सोडला, आशा सोडली, शिक्षण अर्धवट सोडले, इतकेच काय, प्राण सोडला. क्रियापद तेच राहते आणि काय सोडले यावरून ऐकणाऱ्याला नेमका अर्थ उमगतो. इंग्रजीत मात्र सोडलेली गोष्ट बदलली की बहुधा क्रियापदही बदलते. मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिणारा माणूस म्हणूनच 'आय हॅव लेफ्ट स्मोकिंग' असे सहज लिहून जातो. शब्दांची रचना बिनचूक दिसते, तरी ज्याची ती रोजची भाषा आहे त्याला वाक्य खटकते, कारण 'लीव्ह' म्हणजे मुळात एखाद्या ठिकाणाहून, माणसापासून किंवा संस्थेतून निघून जाणे, आणि सिगारेट ही काही निघून जाण्याची जागा नव्हे. शहर, घर, पक्ष, कंपनी, नवरा किंवा बायको यांच्याबाबत 'लीव्ह' चालते. सवयीबाबत चालत नाही.

या क्रियापदांतून निवड करताना काय सोडले जात आहे हे तर पाहावेच लागते, पण तेवढ्याने भागत नाही. सोडल्याचे कोणाला रीतसर कळवावे लागते का, आणि सोडणाऱ्याकडे दोष जातो का, हेही पाहावे लागते. शब्दकोशात या सगळ्या क्रियापदांचे अर्थ जवळजवळ सारखेच दिलेले असतात, आणि हे दोन धागे नेमके तिथेच सुटतात.

सुरुवात 'क्विट'पासून केलेली बरी, कारण ते सर्वांत जास्त वापरले जाते आणि त्याचा इतिहासही मोठा आहे. लॅटिनमधल्या 'क्विएटस' म्हणजे शांत, निवांत या शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आले, आणि तिथे त्याचा आधीचा अर्थ होता मोकळा, ऋणातून किंवा बंधनातून सुटलेला. आरोपातून मोकळे करणे या अर्थाचे 'अ‍ॅक्विट' त्याच घराण्यातले आहे. 'वी आर क्विट्स' म्हणजे तर आपल्याकडची सरळ 'फिट्टंफाट'. मोकळे होण्यापासून जागा मोकळी करण्यापर्यंत हा अर्थ सरकला, आणि कायद्याच्या भाषेत तो आजही जिवंत आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेपट्टा संपवण्याच्या सूचनेला 'नोटीस टू क्विट' म्हटले आहे, आणि वेगळा करार नसेल तर शेती किंवा कारखान्याच्या भाडेपट्ट्यासाठी सहा महिन्यांची व इतर भाडेपट्ट्यांसाठी पंधरा दिवसांची मुदत त्याच कायद्याच्या कलम १०६ मध्ये आहे.

हा अर्थ ध्यानात ठेवला की ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर काँग्रेसच्या महासमितीने मंजूर केलेल्या ठरावामागची घोषणा वेगळ्याच धारेने कानावर पडते. 'क्विट इंडिया' हे शब्द सुचवण्याचे श्रेय युसुफ मेहेरअली यांना दिले जाते. त्याऐवजी 'लीव्ह इंडिया' म्हटले असते तर अर्थ कळला असता, पण धार गेली असती. 'लीव्ह'मध्ये जाणाऱ्याची मर्जी असते, तर 'क्विट'मध्ये जागा खाली करा अशी मालकाने दिलेली सूचना ऐकू येते; निदान मला ती तशी ऐकू येते. मराठीत रूढ झालेल्या 'चले जाव'मध्येही तोच हुकमी सूर आहे.

आजच्या बोलीत मात्र 'क्विट'चा जागेशी असलेला संबंध बराच मागे पडला आहे आणि नोकरी व सवय हे दोन अर्थ पुढे आले आहेत. भारतात विकल्या जाणाऱ्या सिगारेटच्या पाकिटावर सप्टेंबर २०१८ पासून चित्रमय इशाऱ्याबरोबर 'क्विट टुडे' असा मजकूर आणि मदतवाहिनीचा क्रमांक छापलेला असतो. तिथे 'क्विट' हाच नेमका शब्द आहे, कारण त्यात कायमचा निश्चय आहे. 'स्टॉप'मध्ये तो असेलच असे नाही. पाऊस थांबतो, बस थांबते, आणि थांबलेली गोष्ट पुन्हा सुरू होऊ शकते. व्याकरणाचा एक बारकावाही इथे सांभाळायला हवा. 'ही स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे त्याने सिगारेट ओढणे बंद केले, तर 'ही स्टॉप्ड टू स्मोक' म्हणजे तो सिगारेट ओढण्यासाठी थांबला. दोन शब्दांच्या फरकाने अर्थ पार उलटतो. 'क्विट'पुढे क्रियापदाचे फक्त '-इंग' रूप येते, 'टू' येत नाही, त्यामुळे तिथे हा घोटाळा होत नाही. 'सीज' हे औपचारिक क्रियापद दोन्ही रूपे घेते आणि दोन्हींत अर्थ एकच राहतो, पण ते बोलण्यात फारसे येत नाही. शस्त्रसंधी, कायदेशीर नोटिसा आणि सरकारी अधिसूचना हे त्याचे क्षेत्र. 'क्विट'चे भूतकाळी रूपही आज सर्रास 'क्विट' असेच असते, आणि 'क्विटेड' मुख्यतः जुन्या ब्रिटिश लेखनात भेटते.

नोकरीच्या संदर्भात 'आय क्विट' हे बोलण्यातले वाक्य आहे, आणि त्यात पुष्कळदा तडकाफडकी निघून गेल्याची छटा असते. अमेरिकेत या शब्दाला सरकारी मान्यताही आहे. तिथले कामगार आकडेवारी खाते दर महिन्याला नोकऱ्यांतील उलाढालीचा जो अहवाल काढते, त्यात स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्यांची गणना 'क्विट्स' या सदरात होते, मालकाने कमी केलेल्यांची 'लेऑफ्स अँड डिस्चार्जेस' या सदरात होते, आणि निवृत्त झालेले तिसऱ्याच सदरात जातात. मे २०२१ मध्ये अँथनी क्लॉट्झ या प्राध्यापकांनी नोकऱ्या सोडण्याच्या येऊ घातलेल्या लाटेला 'ग्रेट रेझिग्नेशन' असे नाव दिले आणि वर्षभरात 'क्वाएट क्विटिंग' हा शब्दप्रयोगही जगभर पसरला. या दुसऱ्या शब्दात नोकरी सोडणे मुळीच नाही, नेमून दिलेल्यापेक्षा अधिक काम करणे तेवढे सोडलेले असते. म्हणून बातमीत त्याचे भाषांतर 'मूक राजीनामा' असे करणे मला चुकीचे वाटते.

'क्विट'पासून बनलेल्या 'क्विटर' या नामाला मात्र अपमानाचा वास आहे. मैदान सोडून पळणारा, कच खाणारा, असा त्याचा अर्थ. ८ ऑगस्ट १९७४ च्या रात्री अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून देशाला उद्देशून केलेले भाषण या दृष्टीने जवळून वाचण्यासारखे आहे, कारण सोडण्याचे तीन शब्द त्यात काही वाक्यांच्या अंतराने येतात. आधी ते म्हणतात, 'आय हॅव नेव्हर बीन अ क्विटर', म्हणजे मी माघार घेणाऱ्यांतला कधीच नव्हतो. लगेच पुढे मुदत पूर्ण होण्याआधी पद सोडणे आपल्या स्वभावाला किती नकोसे आहे हे सांगताना ते 'लीव्ह ऑफिस' असे म्हणतात, आणि मग निर्णय जाहीर करताना 'आय शॅल रिझाइन द प्रेसिडेन्सी'. जो शब्द त्यांनी स्वतःपासून दूर ठेवला तो दोषाचा होता, मधला वस्तुस्थिती सांगणारा होता, आणि शेवटचा कायद्याचा. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्या नावे दिलेल्या एका वाक्याच्या पत्रातही 'रिझाइन' हेच क्रियापद आहे.

'रिझाइन' करायला पद लागते, आणि पदाबरोबर ते पत्र कोणाला द्यायचे हेही ठरलेले असावे लागते. आपल्या राज्यघटनेत हे फार रेखीवपणे मांडले आहे. अनुच्छेद ५६ नुसार राष्ट्रपती उपराष्ट्रपतींना उद्देशून सहीनिशी पत्र लिहून पद सोडू शकतात, आणि तिथे स्वीकृतीचा उल्लेख नाही. अनुच्छेद १९० मध्ये आमदाराचा राजीनामा मात्र अध्यक्षांनी किंवा सभापतींनी स्वीकारल्याशिवाय जागा रिकामी होत नाही, आणि १९७४ च्या तेहेतिसाव्या घटनादुरुस्तीनंतर तो स्वेच्छेने व खरोखर दिलेला आहे याची त्यांना खात्री पटावी लागते. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत पोपच्या राजीनाम्याबाबत याच्या उलट तरतूद आहे: तो मुक्तपणे दिलेला आणि रीतसर प्रकट केलेला असावा, पण कोणी स्वीकारण्याची गरज नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये सोळावे बेनेडिक्ट या तरतुदीनुसारच पायउतार झाले. म्हणूनच इंग्रजीत राजीनामा 'टेंडर' होतो म्हणजे सादर होतो, 'अ‍ॅक्सेप्ट' होतो, आणि कधी मागेही घेतला जातो; 'क्विट' करून झाल्यावर मागे घेण्यासारखे हातात काहीच उरत नाही.

राजीनामा स्वेच्छेचा मानला जातो, याचे परिणामही दूरवर जातात. २९ जून २०२२ रोजी उद्धव ठाकरे यांनी विश्वासदर्शक ठरावाला सामोरे जाण्याआधी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. त्यांनी स्वतःहून राजीनामा दिल्यामुळे पूर्वस्थिती पुन्हा आणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ च्या निकालात म्हटले. त्याआधीच्या काळातले उदाहरण घ्यायचे तर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुख यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. त्याला इंग्रजीत कोणी 'ही क्विट' म्हणाले तर ते खोटे नव्हे, पण त्यातला निषेध आणि त्याची सार्वजनिक किंमत 'रिझाइन'मध्येच उमटते. आपल्याकडच्या बोलीत 'पुट डाउन हिज पेपर्स' असेही म्हणतात. ते भारतीय इंग्रजीत चांगले रुळलेले आहे, परदेशी वाचकाला मात्र ते उलगडून सांगावे लागते.

याच क्रियापदाचा आणखी एक अर्थ विसरू नये. 'रिझाइन्ड टू हिज फेट' म्हणजे त्याने नशिबापुढे मान तुकवली; इथे पद कुठेच नाही. आणि मध्ये जोडरेघ आली की 'री-साइन' होते, ज्याचा अर्थ पुन्हा करार करणे, म्हणजे नेमका उलट. फुटबॉलच्या बातमीत ती जोडरेघ गळली तर खेळाडू संघात राहिला की गेला हेच वाचकाला कळत नाही.

'स्टेप डाउन' हे 'रिझाइन'पेक्षा मवाळ आहे. वरच्या पदावरून उतरणारा माणूस संस्थेतून बाहेर पडतोच असे नाही, आणि तो आपल्या मर्जीने उतरला की त्याला उतरवले हेही त्यातून उघड होत नाही. कंपन्यांच्या निवेदनांना तो शब्द प्रिय असण्याचे कारण बहुधा हेच. जानेवारी २००० मध्ये बिल गेट्स मायक्रोसॉफ्टच्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदावरून 'स्टेप डाउन' झाले, तेव्हा ते कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहिलेच होते. 'रिटायर' म्हणजे वयाने किंवा कारकीर्द पूर्ण झाल्यामुळे निवृत्त होणे हे सर्वांना ठाऊक आहे, पण खेळांत त्याला वेगळे अर्थ आहेत. वानखेडे मैदानावर १६ नोव्हेंबर २०१३ रोजी सचिन तेंडुलकर रिटायर झाला तो कायमचा. त्याच मैदानावर १० एप्रिल २०२२ रोजी राजस्थान रॉयल्सचा रविचंद्रन अश्विन 'रिटायर्ड आउट' झाला, म्हणजे दुखापत नसताना डावपेच म्हणून स्वतःहून तंबूत परतला, आणि आयपीएलमध्ये असे प्रथमच घडले. दुखापतीने परतणारा 'रिटायर्ड हर्ट' फलंदाज नाबाद राहतो व पुन्हा येऊ शकतो. टेनिसमध्ये सामना सुरू होण्याआधी माघार घेतली तर 'विथड्रॉ' आणि सुरू झाल्यावर सोडला तर 'रिटायर', असा काटेकोर भेद आहे, आणि आपल्या क्रीडापानांवर दोन्हींसाठी 'माघार' छापले जाते.

पद सोडणे आणि श्रद्धा सोडणे यांत इंग्रजी किती अंतर ठेवते हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातल्या दोन घटनांवरून स्पष्ट दिसते. १९५१ मध्ये हिंदू कोड बिल व इतर प्रश्नांवरून ते कायदामंत्रिपदावरून बाहेर पडले. त्यासाठी शब्द 'रिझाइन'. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञांतून हिंदू धर्माचा त्याग केला; त्या प्रतिज्ञांच्या इंग्रजी अनुवादात शब्द येतो 'रिनाउन्स'. ही दोन क्रियापदे अदलाबदल करून पाहिली तर दोन्ही वाक्ये कोसळतात. धर्माचा राजीनामा कोणाला देणार, आणि मंत्रिपदाचा असा जाहीर, निश्चयपूर्वक त्याग झाल्याचे म्हटले तर ते संन्यास घेतल्यासारखे वाटते. 'रिनाउन्स'मध्ये जे आपले होते, जन्माने किंवा कायद्याने मिळाले होते, ते मी यापुढे माझे मानत नाही अशी घोषणा असते. ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड याने डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली त्या कृतीला 'अ‍ॅबडिकेट' म्हणतात, आणि ते क्रियापद प्रामुख्याने राजसत्तेसाठीच राखलेले आहे. पण त्याने सही केलेल्या दस्तऐवजात स्वतःसाठी व वंशजांसाठी सिंहासन सोडण्याचा निर्धार सांगताना 'रिनाउन्स' हाच शब्द योजलेला आहे.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या शब्दांशी प्रत्यक्ष गाठ घालावी लागते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ८ नुसार नागरिक स्वतः घोषणा करून नागरिकत्व 'रिनाउन्स' करू शकतो. कलम ९ नुसार मात्र दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप 'सीज' होते, म्हणजे संपते. तिथे घोषणेची वाट पाहिली जात नाही. मग हाती उरलेला भारतीय पासपोर्ट वकिलातीत 'सरेंडर' करावा लागतो आणि त्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. नागरिकत्व संपते आणि पासपोर्ट परत करायचा असतो. अर्ज भरताना 'रिनाउन्स' आणि 'सरेंडर' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी घातले तर अर्जाचा प्रकारच चुकतो.

'रिलिंक्विश' हे याच्या जवळचे, पण घोषणेपेक्षा हस्तांतराकडे झुकणारे क्रियापद. वडिलोपार्जित घरातला आपला हिस्सा बहीण भावाच्या नावे सोडते तेव्हा तलाठ्यापासून वकिलापर्यंत सगळे ज्याला हक्कसोडपत्र म्हणतात, त्याचे इंग्रजी नाव 'रिलीज डीड' किंवा 'रिलिंक्विशमेंट डीड'. स्थावर मालमत्तेबाबत त्याची नोंदणी बंधनकारक असते. बदली झालेला अधिकारी जुना कार्यभार 'रिलिंक्विश' करतो तेव्हाही हातातली वस्तू दुसऱ्याच्या हाती देण्याचाच भाव असतो. मुंबई इलाख्याच्या जुन्या महसुली व्यवहारात जमिनीचा कब्जा सोडण्याच्या लेखालाही राजीनामाच म्हणत आणि नव्या कब्जेदाराकडून कबुलायत, म्हणजे जमीन स्वीकारल्याचा लेख, घेत.

'गिव्ह अप' हे मला या सगळ्यांत सर्वांत अवघड वाटते, कारण त्याचे मूल्य संदर्भाने पालटते. 'शी गेव्ह अप शुगर' यात संयम आहे. 'शी गेव्ह अप' इथेच वाक्य संपले तर हार आहे. 'गिव्ह अप ऑन हिम' म्हणजे तो सुधारेल ही आशा सोडली, त्याचा नाद सोडला. 'ही गेव्ह हिमसेल्फ अप' म्हणजे तो पोलिसांना शरण गेला. मार्च २०१५ मध्ये ज्यांना परवडते त्यांनी गॅस सिलिंडरचे अनुदान सोडावे म्हणून केंद्र सरकारने काढलेल्या मोहिमेचे नाव 'गिव्ह इट अप' असे होते, आणि त्यात 'इट' हा एक छोटा शब्द फार महत्त्वाचे काम करतो. तो काढला की त्यागाचे आवाहन हार मानण्याचा सल्ला होऊन बसते. कर्म असेल तर त्याग, नसेल तर पराभव, एवढे धरून चालले तरी बहुतेक जागी निभावते, जरी 'गिव्ह अप होप'सारखे अपवाद आहेत.

राहिली दोषाची क्रियापदे. 'अबॅन्डन' म्हणजे वाऱ्यावर सोडणे. पावसामुळे सामना किंवा बुडते जहाज 'अबॅन्डन' केले तर दोष नसतो, पण मूल, जनावर किंवा आजारी आईवडील यांच्याबाबत तोच शब्द आरोप होतो. 'डेझर्ट'मध्ये तर दोष गृहीतच आहे. मराठीत बाई सांगते की नवऱ्याने टाकले, त्यातले 'टाकणे' म्हणजे हेच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सलग किमान दोन वर्षांचे 'डेझर्शन' हे घटस्फोटाचे एक कारण आहे, आणि ते रास्त कारणाशिवाय व जोडीदाराच्या संमतीशिवाय असावे लागते. सासरच्या छळामुळे माहेरी निघून आलेल्या स्त्रीने नवऱ्याला 'डेझर्ट' केले असे म्हणता येत नाही. ती त्या घरातून 'लेफ्ट' एवढेच म्हणता येते. अर्जाचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्याने हा फरक प्राणपणाने जपायला हवा. सैन्यातही १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टमध्ये कलम ३८ 'डेझर्शन'साठी आणि कलम ३९ विनापरवाना गैरहजेरीसाठी, असे दोन वेगळे गुन्हे आहेत, आणि त्यांतला मुख्य भेद परत न येण्याच्या हेतूचा.

पुण्यामुंबईच्या आणि बेंगळुरूच्या कंपन्यांत यात आणखी एका शब्दाची भर पडली आहे. नोटीस पीरियड न भरता किंवा न कळवता कामावर यायचा बंद झालेल्या कर्मचाऱ्याच्या नावापुढे मनुष्यबळ विभाग 'अ‍ॅब्स्कॉन्डिंग' असा शेरा मारतो, आणि पुढच्या नोकरीच्या पडताळणीत तो शेरा माणसाच्या मागे लागतो. इंग्रजीत 'अ‍ॅब्स्कॉन्ड' म्हणजे अटक चुकवण्यासाठी फरार होणे किंवा पैसे घेऊन पोबारा करणे. फौजदारी प्रक्रियेत ज्याच्याविरुद्ध न्यायालय जाहीरनामा काढते त्याच्यासाठी तो शब्द आहे. आई रुग्णालयात आहे म्हणून गावी गेलेल्या आणि परतू न शकलेल्या मुलीला तो लावणे हे भाषेच्या दृष्टीने चूक आहे आणि माणुसकीच्या दृष्टीनेही. ज्याला वस्तुस्थिती नोंदवायची आहे त्याच्यासाठी 'लेफ्ट विदाउट नोटीस' हे साधे शब्द उपलब्ध आहेत, आणि सेवा कायद्याच्या भाषेतच बोलायचे असेल तर 'अबॅन्डनमेंट ऑफ सर्व्हिस' ही संज्ञा आहे. पण ती लावण्याआधी कर्मचाऱ्याला पत्र पाठवून त्याचे म्हणणे विचारावे लागते.